राणीमहालाचे छत

झाशीस बदली होऊन आलेल्या मराठी कुटुंबाकडे एक काम आपोआप येते. सरकारी हुकुमात त्याचा उल्लेख नसतो, तरी ते टाळता येत नाही. ते म्हणजे पाहुण्यांना झाशी दाखवण्याचे. पुण्याहून किंवा नागपूरहून दिल्लीकडे निघालेला आप्त वाटेत एक दिवस उतरतो आणि चहाचा पेला हातातून खाली ठेवण्यापूर्वीच विचारतो, "राणीने घोड्यावरून उडी घेतली ती जागा कोणती?" मग किल्ला होतो, कडक बिजली तोफ होते, राणीचे लग्न लागले ते गणेशमंदिर होते, लक्ष्मीतालाजवळची गंगाधररावांची छत्री होते, आणि पाय दुखू लागल्यावर, उरल्यासुरल्या वेळात, शहराच्या दाट वस्तीतला राणीमहाल होतो. तेथे पाहुणा अंगणातल्या मूर्तींवरून नजर फिरवतो, राणी येथेच राहत होती ना, अशी खात्री करून घेतो, आणि आपण सारे घरी परततो.

आम्हीही कित्येक वर्षे झाशी अशीच दाखवली. मूर्तींची शतके आम्हास पाठ होती, वेढ्याच्या तारखा पाठ होत्या. परंतु एके वर्षी आमच्याकडे एक वृद्ध पाहुणे आले. उभा जन्म त्यांनी शाळेत चित्रकला शिकवण्यात घालवला होता. राणीमहालाच्या वरच्या मजल्यावरील दरबार-दालनात शिरताच ते भिंतीशी टेकून खाली बसले आणि मान वर करून छताकडे पाहू लागले. पाच मिनिटे झाली, दहा झाली, अर्धा तास झाला. पहारेकरीही कुतूहलाने जवळ येऊन उभा राहिला. शेवटी त्यांनी आम्हास एवढेच विचारले, "हे कोणी काढले?" आम्ही रघुनाथरावांचे नाव सांगितले. ते हसून म्हणाले, "ते बांधणाऱ्याचे नाव झाले. काढणाऱ्याचे सांगा. अहो, त्या काळची ही तुमची जहांगीर गॅलरीच आहे!"

त्या वाक्याने आम्हास बरेच दिवस स्वस्थ बसू दिले नाही. जुन्या चित्राकडे आपण जुने म्हणूनच पाहतो. पण ज्या दिवशी त्याचा रंग ओला होता त्या दिवशी ते नवे होते, समकालीन होते. त्या दिवशी काढणारा जिवंत होता, पाहणारा त्याच्याच काळातला होता. तेव्हा राणीमहालाकडे प्राचीन वास्तू म्हणून न पाहता आपल्या काळाची कला मांडणारे एक घर म्हणून पाहिले तर त्याचा इतिहास कसा दिसतो? या लेखात आम्ही तेच करून पाहणार आहोत.

झाशीचा किल्ला ओरछाच्या वीरसिंहदेव बुंदेल्याने १६१३ मध्ये बांधला. मराठ्यांचा पाय येथे लागला तो छत्रसालाच्या निमित्ताने. महंमदखान बंगशाच्या वेढ्यातून १७२९ मध्ये थोरल्या बाजीरावांनी त्याची सुटका केली, आणि कृतज्ञ छत्रसालाने आपल्या राज्याचा तिसरा हिस्सा पेशव्यांस दिला, ही कथा मराठी वाचकास नव्याने सांगावयास नको. १७४२ मध्ये नारोशंकर सुभेदार होऊन आला; त्याने किल्ला वाढवला आणि किल्ल्याखाली शहर वसवले. नेवाळकर आले त्यानंतर. मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील कोट गावचे हे घराणे. त्यातील रघुनाथ हरी नेवाळकर १७६९ च्या सुमारास झाशीचे सुभेदार झाले आणि पुढली पाव शतकाहून अधिक वर्षे बुंदेलखंडाच्या राजकारणात त्यांचे नाव राहिले. आज ज्यास राणीमहाल म्हणतात तो वाडा त्यांचाच. राणीचे नाव त्यास लागले ते फार पुढे.

हे रघुनाथराव केवळ तलवारबहाद्दर नव्हते. १७९२ मध्ये इंग्रज वकिलातीबरोबर आग्र्याहून उज्जैनकडे जाणाऱ्या विल्यम हंटर नावाच्या डॉक्टराने आपल्या प्रवासवृत्तांतात त्यांची नोंद केली आहे. त्यावेळी ते वृद्ध झाले होते, व्याधीने जर्जर होते, कारभार त्यांनी धाकट्या भावाच्या, शिवरावभाऊंच्या, स्वाधीन केला होता. आणि तरीही युरोपीय विद्येची त्यांची जिज्ञासा एवढी दांडगी की ब्रिटानिका हा इंग्रजी विश्वकोश त्यांनी आपल्या संग्रही आणला होता. कोकणातल्या एका खेड्यातून निघालेले कुळ, बुंदेल्यांचा मुलूख, पेशव्यांची चाकरी आणि लंडन-एडिंबरोकडचा विश्वकोश! अशा माणसाच्या वाड्यात भिंती कोऱ्या राहिल्या असत्या तरच नवल.

वाडा बाहेरून पाहिला तर साधा वाटतो. सपाट छपराची दुमजली इमारत, मध्ये चौक, चौकात लहानशी विहीर आणि कारंजे. सहा दालने, दोन समांतर पडव्या आणि काही लहान खोल्या. पण आत कमानींकडे लक्ष गेले की मन थांबते. पाकळ्यांसारख्या कातरलेल्या त्या कमानींवर मोर आहेत, फुले आहेत, वेली आहेत. आणि दरबार-दालनाच्या भिंती व छत तर पानाफुलांनी व पशुपक्ष्यांनी रंगवून टाकलेले आहे. पुण्या-वाईच्या वाड्यांतील भित्तिचित्रे ज्यांनी पाहिली आहेत त्यांस येथे एकदम घरच्यासारखे वाटते, आणि दुसऱ्याच क्षणी हे घर आपले नव्हे असेही वाटते. कारण हात बुंदेली आहे. ओरछा आणि दतिया येथील महालांतून जी रंगपरंपरा दीडशे वर्षे वाढत होती, तीच येथे मराठी धन्याच्या छपराखाली आली. धनी बदलला, देवघरातले देव बदलले, स्वयंपाकघरातली फोडणी बदलली. रंगारी मात्र याच मातीतले राहिले. परप्रांतात राहणाऱ्या आम्हासारख्यांना हा संकर फार ओळखीचा वाटतो. आमच्या मुलांची मराठीही अशीच असते: वाक्य आपले आणि सूर इथला.

नेवाळकरांच्या पुढल्या पिढ्यांत ही हौस कमी झाली नाही. गंगाधरराव १८३८ मध्ये गादीचे वारस ठरले आणि १८४३ मध्ये पूर्ण अधिकार त्यांच्या हाती आले. इतिहासाने त्यांची गणना पराक्रमी पुरुषांत केलेली नाही. परंतु नाटकशाळा त्यांनी चालवली, नट-नटी पोसल्या, आणि ग्रंथसंग्रह वाढवला. विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'मध्ये या ग्रंथालयाची थोरवी सांगितली आहे. विद्वानांस लागणाऱ्या ग्रंथांच्या नकला येथून होत. वरसईचे हे भटजी यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले आणि नेमके झाशीच्या वेढ्यात सापडले. त्यांनी १८८३ च्या सुमारास लिहिलेला वृत्तांत चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला, आणि मूळ पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये आपणासमोर ठेवला. झाशीचा सर्वांत जिवंत साक्षीदार असा एक कोकणी भिक्षुक आहे, ही गोष्ट आपण विसरतो.

गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ रोजी वारले. आदल्याच दिवशी घेतलेले दत्तक डलहौसीने मानले नाही. १८५४ मध्ये राज्य खालसा झाले आणि किल्ला सोडून राणी शहरातल्या या वाड्यात राहावयास आली. तेव्हापासून हा राणीमहाल. दरमहा ५,००० रुपयांचे वेतन, शेजारी दत्तक पुत्र, आणि डोक्यावर रघुनाथरावांनी रंगवून घेतलेले ते छत. कंपनी सरकारास पाठवावयाचे अर्ज, वकिलांशी मसलती, सल्लागारांची खलबते हे सारे त्या तीन वर्षांत याच निवासात झाले. रंगवणाऱ्याला त्याची कल्पना असणे शक्य नव्हते. चित्राचे घर असे असते: काढणारा एका काळासाठी काढतो आणि खाली दुसराच काळ येऊन बसतो.

पुढची हकीकत सर्वश्रुत आहे. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोज याने वेढा घातला. १ एप्रिल रोजी बेतवेकाठी तात्या टोपे यांचा पराभव झाला, ३ एप्रिल रोजी इंग्रज फौज तटावरून शहरात उतरली. वाड्यात दालनादालनांतून हातघाईची लढाई झाली. तोफांच्या माऱ्याने वाड्याचा मोठा भाग पडला. आज उभा आहे तो त्यातून वाचलेला अंश. त्यामागून लूट आली. सोनेनाणे गेले, भांडीकुंडी गेली, कापडचोपड गेले. गोडसे भटजी लिहितात त्यात सर्वांत जड शब्द ग्रंथालयाच्या नाशाबद्दल आहेत. पिढ्यान्‌पिढ्या जमवलेल्या पोथ्यांची पाने वाऱ्यावर गेली. जे उचलून नेता येण्यासारखे होते ते नेले, जे जाळता येण्यासारखे होते ते जाळले. राहिले ते भिंतीवरचे. चुन्यात मुरलेला रंग कोणास खांद्यावर टाकून नेता येत नाही, एवढ्याच कारणाने ते छत आपल्यापर्यंत पोचले.

याच युद्धाचे एक चित्र झाशीजवळच आहे आणि ते पाहिल्याखेरीज ही कथा पुरी होत नाही. ओरछा येथून सुमारे १६ किलोमीटरांवर. तेथील लक्ष्मीनारायणाचे मंदिर वीरसिंहदेवाने १६२२ मध्ये बांधले आणि १७९३ मध्ये पृथ्वीसिंहाने त्याचा जीर्णोद्धार केला. बाहेरून किल्ल्यासारखे दिसणारे हे देऊळ आत चित्रांनी भरलेले आहे. रामकथा आहे, कृष्णकथा आहे, राजांच्या स्वाऱ्या आहेत, कुस्त्या आहेत. आणि त्यांच्याच शेजारी बंदुका खांद्यावर घेतलेल्या गोऱ्या शिपायांच्या रांगा आहेत, किल्ल्यावर चाल करून जाणारी फौज आहे. झाशीच्या वेढ्याचेच ते चित्र, अशी या भागात समजूत आहे. एवढे खरे की ही चित्रे गदरानंतरची आहेत आणि काढणाऱ्याने आपल्या डोळ्यांदेखतचा काळ देवाच्या भिंतीवर चढवला आहे. रामरावणाच्या युद्धाशेजारी काल-परवाचे युद्ध! आजचा चित्रकार हे करतो तेव्हा आपण त्याला आधुनिक म्हणतो. बुंदेलखंडातल्या त्या कारागिराला कोणी काही म्हटले नाही. ओरछाची चित्रे टिकली त्याचे कारणही राणीमहालाहून निराळे आहे. देऊळ सर्वांचे होते. तेथे जो तो येत होता, पाहत होता. वाडा एका घराण्याचा होता. ते घराणे उठले तेव्हा वाड्यास वाली उरला नाही.

झाशी त्यानंतर पोरकीच झाली. १८६१ मध्ये शहर आणि किल्ला शिंद्यांस दिला गेला. १८८६ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात इंग्रजांनी तो परत घेतला. बदलीच्या हुकुमांना कंटाळलेल्या आमच्या वाचकांनी लक्षात घ्यावे की या मुलुखात किल्ल्यांच्याही बदल्या झाल्या आहेत! दामोदरराव इंदुरास राहिले आणि तेथेच १९०६ मध्ये वारले. राणीमहाल कालांतराने पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखाली आला आणि बुंदेलखंडात ठिकठिकाणी सापडलेल्या नवव्या ते बाराव्या शतकांतील मूर्ती तेथे आणून ठेवण्यात आल्या. चंदेल आणि प्रतिहारकालीन शिल्पाचा हा संग्रह मोलाचा आहे, त्यात शंका नाही. परंतु त्यामुळे एक गंमत झाली आहे. अठराव्या शतकातल्या माणसाने आपल्या काळाच्या रंगांसाठी बांधलेल्या घरात त्याच्याही आधी सातशे-आठशे वर्षांच्या मूर्ती बसल्या. पाहणारा खाली मूर्ती पाहतो, मनात राणीला पाहतो, आणि वर पाहण्याचे राहून जाते.

आता आमच्या पाहुण्यांच्या त्या 'जहांगीर'कडे वळू. मुंबईत बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ मध्ये निघाली आणि तिची प्रदर्शने होत राहिली, तरी जिवंत चित्रकाराला आपले काम लोकांसमोर मांडण्यासाठी स्वतःची म्हणावी अशी प्रशस्त जागा त्या शहरात फार काळ नव्हती. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या सहा जणांनी 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' काढला. रझा मध्य प्रांतातल्या मंडला जिल्ह्यातले, गाडे विदर्भातले. दोघेही मुंबईस आले ते नागपूरच्या बाजूने. आतल्या मुलुखातून मोठ्या शहरात आलेल्या अशा माणसांना भिंत हवी होती. हेब्बरांसारखे चित्रकार आणि होमी भाभांसारखे शास्त्रज्ञ यांनी आग्रह धरला, सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ देणगी दिली, आणि २१ जानेवारी १९५२ रोजी काळा घोडा येथील जहांगीर कलादालनाचे उद्घाटन मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या हस्ते झाले. धनिकाचा पैसा तेथेही होता, रघुनाथरावांचा येथे होता तसाच. पण दोन गोष्टी नव्या होत्या. पहिली अशी की दार रस्त्यावर उघडत होते. कचेरीतून सुटलेला कारकून पावसाचा आडोसा म्हणून आत शिरला तरी त्याला कोणी अडवत नव्हते. दुसरी अशी की प्रत्येक चित्राखाली काढणाऱ्याचे नाव होते.

हीच गोष्ट दिल्लीत २९ मार्च १९५४ रोजी जयपूर हाउसमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय उघडले तेव्हा राज्याच्या पातळीवर झाली. भोपाळात १३ फेब्रुवारी १९८२ रोजी भारत भवन सुरू झाले, तेव्हा आणखी एक पाऊल पुढे पडले. तेथील 'रूपंकर' दालनात जगदीश स्वामिनाथन यांनी शहरी चित्रकारांच्या शेजारी गोंड, भिल्ल अशा आदिवासी कलावंतांची चित्रे मांडली. ज्या कलेला आजवर केवळ जमातीचे नाव होते, तिला माणसाचे नाव मिळाले. त्या काळच्या मंडला जिल्ह्यातल्या पाटनगढचा जनगढसिंह श्याम देशोदेशी गेला तो स्वतःच्या नावाने.

मुंबई, भोपाळ आणि दिल्ली ही तिन्ही शहरे एकाच लोहमार्गावर आहेत आणि त्या मार्गावरचे मोठे जंक्शन झाशी आहे. सुट्टीत घरी जाताना आणि परतताना आमच्यातला प्रत्येक जण या मार्गाने जातो. त्या तिन्ही ठिकाणी नावे आहेत. झाशीच्या दरबार-दालनात बांधणाऱ्याचे नाव आहे, राहणारीचे नाव आहे, पाडणाऱ्याचेही नाव इतिहासाने जपले आहे. छत रंगवणाऱ्याचे मात्र आज आपणास ठाऊक नाही. राज्य जाण्याचे दुःख आपण दीडशे वर्षे केले आणि ते योग्यच होते. पण त्या राज्यात जी माणसे शिडीवर उताणी पडून महिनोन्‌महिने रंग भरत होती, त्यांची आठवण काढण्याइतका अवकाश त्या दुःखातून काढावयास हवा होता.

यावर आपण काय करावे? बदलीच्या माणसाने काय करावे, असा प्रश्न वाचक विचारतील. तीन वर्षे येथे, तीन वर्षे तेथे. सामानाच्या पेट्यांवरचे जुने पत्ते पुसले जात नाहीत तोच नवे येतात. आमचे उत्तर साधे आहे. झाशी, ग्वाल्हेर, सागर, इंदूर या बाजूच्या जुन्या मराठी घरांत अजून मोडी कागद आहेत, जमाखर्चाच्या वह्या आहेत, देवघरात पिढ्यान्‌पिढ्या लावलेली चित्रे आहेत. वाडा बांधणाऱ्याने रंगाऱ्याला काय दिले, हे बखर सांगत नाही. ते सांगतो जमाखर्च. चितारी, गवंडी, सुतार यांची नावे सापडली तर अशाच कागदांत सापडतील. घर मोडताना, जागा विकताना, ती दप्तरे रद्दीत जातात. आमच्या एका परिचित कुटुंबातली अशी एक पेटी वाण्याच्या दुकानी गेली, आणि पुड्या बांधून संपली तेव्हा आम्हास कळले. झाशीत १९७८ पासून राजकीय संग्रहालय आहे. इतर शहरांतही संग्रहालये, इतिहास मंडळे आहेत. कागद तेथे पोचवावा, निदान कोणा जाणत्यास दाखवावा. मोडी वाचणारे थोडे उरले आहेत, म्हणून उशीर करू नये.

आणि तेही ज्यास जमणार नाही त्याने पुढला पाहुणा आला म्हणजे एवढे करावे. किल्ला दाखवावा, उडीची जागा दाखवावी, कडक बिजलीजवळ छायाचित्र काढू द्यावे. मात्र राणीमहाल शेवटी न ठेवता सकाळी आधी दाखवावा, पाय ताजे असताना. वरच्या मजल्यावर गेल्यावर क्षणभर थांबावे आणि वर पाहावयास सांगावे. ते आमचे वृद्ध पाहुणे आता नाहीत. त्यांचा प्रश्न आम्ही दर वेळी त्या दालनात मोठ्याने विचारतो: हे कोणी काढले? परवा एका पाहुण्याच्या नऊ वर्षांच्या मुलीने तो ऐकला आणि विचारले, "मग त्यांनी नाव का नाही लिहिले?" पहारेकऱ्याने आमच्याकडे पाहिले, आम्ही छताकडे. मुलीने खाली बसून वहीत एक मोर काढला आणि त्याखाली आपले नाव लिहिले.